काचेच्या पेटीतली अवस

बंगल्याच्या बैठकीत नागपूरचे बडे साहेब खुर्चीवर बसले होते, आमचे मॅनेजर साहेब उभे होते, अन् मी स्विचबोर्डापाशी. मॅनेजर साहेब हासत म्हनले, “सोमा, चांदणं लाव.”

मी म्हनलं, “नाई लावत साहेब. आज अवस हाये.”

हे मी कोन्या दिवशी बोललो, तं माही नोकरी पक्की होनार होती त्या दिवशी. बडे साहेब माह्या कागदावर सही कराले आले होते. दुसरा कोनी असता तं गपचूप बटन दाबून मोकळा झाला असता. पर माह्या डोक्यात तवा तापून होता, अन् तो काई एका दिवसात नाई तापला.

मी पोंभुर्ण्याकडचा ढिवर. शाळेत गेलो ते फक्त मास्तरले मासोळ्या द्याले. मंग चांद्याच्या कोळसा खाणीत वायरमन झालो, तोही कच्चा. कच्चा म्हंजे आज हाये, उद्या नाई. खाणीची सोताची बिजली होती. मॅनेजर साहेबाच्या बंगल्यात संडासातही बल्ब. अन् तो लावनारा मी, घरी घासलेटच्या चिमणीपुढं भात खाओ. कधी कधी भातासंगं किडाही जाये.

अशात साहेबानं कलकत्त्याहून काचेची पेटी आनली. आत रंगीत मासोळ्या. पाह्यल्याबरोबर मी इचारलं, “साहेब, ह्या तळाच्या का रश्श्याच्या?” साहेब दोन दिवस माह्यासंगं बोलले नाई. तिसऱ्या दिवशी बोलावलं.

“सोमा, एकदम दिवा बंद झाला की हे मासे बिचकतात. रात्री यांना चांदणं हवं. निळसर, मंद. अगदी हुबेहूब चंद्रासारखं. जमलं तर तुझा कागद पुढे पाठवतो.”

आमच्या मजुरायच्या लाइनीतल्या बाया अंधारात पान्याले जात, इच्चू चावे. त्यायले कोनी बल्ब नाई देल्ला. मासोळी बिचकते म्हून तिले चांद. मी दात खाल्ले अन् हो म्हनलं.

निळा बल्ब चांद्याच्या बाजारात भेटत नोहोता. मी बायकोची लुगड्याची नीळ धावड्याच्या डिंकात कालवली अन् साध्या बल्बाले फासली. रातभर मस्त दिसलं. सकाळी पाह्यलं तं पेटीतल्या वाफेनं डिंक पघळला, नीळ पान्यात, अन् मासोळ्या धुन्याच्या बाल्टीत पोहून राह्यल्या. एकही मेली नाई, उलट पांढरी होती ते जास्त पांढरी वाटे. मंग दवाखान्यातून निळी बाटली आनली, फोडली, अन् तिची काच बल्बाखाली बसवली. ते टिकलं.

आता राह्यला उजेड कमी-जास्त कराचा. त्याले आमी ‘सिरीज’ म्हनतो. एकाच वायरीत एकामागं एक दोन बल्ब जोडले, तं करंट दोघायले पुरत नाई, दोघंही मिनमिनतात. तीन जोडले तं आनखीन. मी कपाटामागं असे बल्ब लपवले. पुनवेले पेटीवरचा एकटाच जळे. मंग तिथीनं जसा चांद रोड होये, तसा मी मागं एकेक बल्ब वाढवत जाओ. अवसेले बंद.

साहेबानं एवढं सांगतलं नोहोतं. पर हुबेहूब म्हनलं होतं ना. अन् ढिवराले मासोळीचं अन् चांदाचं सांगाव लागत नाई. चांदन्यात तिले जाळं दिसते, अवसेले दिसत नाई. गावच्या तळ्या-बोडीतली मासोळी तिथी पाह्यते, तं कलकत्त्याचीनं काऊन नाई पाहाव?

मले कॅलेंडर वाचता येत नाई. तिथी मी बायकोच्या उपासावरून धरो. ते उपाशी राह्यली का मी कपाटामागं. मंग ते धान कापाले माहेरी गेली. तवापासून मी वायरीच्या तुकड्याले रोज एक गाठ मारो. त्या दिवशी गाठी मोजल्या, तं अवस निघाली.

म्हून म्हनलं, नाई लावत.

मॅनेजर साहेबाचं तोंड लाल झालं. “कसली अमावस्या? मी सांगतोय ना, लाव.”

मंग माह्या तोंडाले लगाम राह्यला नाई. “साहेब, तुमीच हुबेहूब म्हनलं. हुबेहूब चांद रोज नाई निंगत. तुमच्या हुकुमावर निंगाले तो काई कच्चा नौकर नाई.”

बडे साहेब चष्म्यावरून माह्याकडं पाहून राह्यले. मले वाटलं, जिंकलो. छाती अशी फुगली का सदऱ्याचं बटन तुटाले आलं.

तेवढ्यात मॅनेजरच्या बाईसाहेब हळूच म्हनल्या, “सोमा, जरा मागे बघ.”

मागं खिडकी होती. नुकताच सूर्य बुडाला होता. चिंचेच्या वर, नखाएवढी, साफ धुतलेली चंद्रकोर. बीज. म्हंजे अवस होऊन दोन दिवस झाले होते.

मी खिशातली वायर काहाडली, गाठी पुन्हा मोजल्या. तेवढ्याच. मंग आठोलं. बायको गेल्यावर लाइनीत ताजी मोहाची दारू आली होती. माहे दोन दिवस मोहात गेले, अन् त्या दोन दिवसाच्या गाठी कोनी मारल्याच नोहोत्या.

मी मुकाट्यानं बटन दाबलं. कपाटामागचे सारे बल्ब वायरीत जोडूनच होते म्हून उजेडही बीजेचाच पडला. हुबेहूब. पर पाहाले कोनाचं ध्यान नोहोतं. बडे साहेब हासता हासता चष्मा पुसत होते. मंग पेन खिशात ठेवत म्हनले, “याला पक्का करू. पण आधी याची तिथी पक्की होऊ द्या.”

कागद बिनसहीचा नागपूरले वापस गेला. चूक दोन दिवसाची, सजा सालभराची. हे मले आजही पटत नाई. मासोळ्या रोज चांदन्यात निजल्या, मी आनखीन सालभर कच्चा, चिमणीपुढं. अन् सारी खाण मले ‘अवसभाऊ’ म्हनाले लागली.

एक शिकलो. वायरीत करंट हाये का नाई, हे पाहाले बल्ब लावून पाहाव लागते. आभायात चांद हाये का नाई, हे पाहाले निस्ती मुंडी वर कराव लागते. ते मी सोडून साऱ्यायले येत होतं.