तळातल्या चार ओळी

वर्तमानपत्राच्या कचेरीत तिला सगळे ‘शाळामास्तरीण’ म्हणत. तिने आयुष्यात एक तासही शिकवलेलं नव्हतं, पण वर्षानुवर्षं शिक्षणाच्याच बातम्या केल्या की माणसाला असं काहीतरी चिकटतंच. राजकारणवाले कचेरीत पाय पसरून बसत, गुन्हेगारीवाले कॉलर ताठ करून फिरत. हिच्या वाट्याला निकाल, प्रवेश, फीवाढ आणि मोडक्या बाकांचे फोटो. त्यामुळे शिक्षणाच्या वार्तांकनाचा मोठा पुरस्कार तिला जाहीर झाला तेव्हा सगळ्यांना मनापासून आनंद झाला. संपादकांनी स्वतः केक आणला.

तिच्या घशाखाली मात्र तो केक उतरेना. पुरस्कार मिळाला होता ‘कुलूपबंद शाळा’ या मालिकेला, आणि त्या मालिकेचं नाव काढलं की तिला स्वागतकक्षातला तो माणूस दिसायचा.

झालं होतं ते असं. सकाळच्या भर शाळेच्या वेळी ती एका लांबच्या शाळेत पोचली, तर दाराला हे भलंमोठं कुलूप. पोरं अंगणात धुळीत खेळत होती. शिक्षक एकच, त्यांचा पत्ता नाही. तिने फोटो काढले आणि पायरीवर बसून राहिली. बऱ्याच वेळाने सायकलवरून गुरुजी आले. मागच्या कॅरियरवर एक मुलगी, हातापायांना विटांची लाल माती. आईबापांनी तिला शाळेतून काढून वीटभट्टीवर लावलं होतं, आणि गुरुजी तिला परत आणायला गेले होते. त्यांनी कुलूप उघडलं. वर्ग भरला.

आता बातमी लिहिण्याचा धडा कोणीही नवखा पहिल्याच आठवड्यात शिकतो: महत्त्वाचं ते वर, कारण जागा कमी पडली की बातमी तळातून कापतात. शिकाऊ मुलामुलींना हा धडा तीच शिकवायची. पण लिहिणाऱ्याला मोह होतो हो! आधी कुलूप दाखवायचं, वाचकाला चांगलं चिडू द्यायचं, आणि शेवटी त्याला सायकलवरची मुलगी दाखवून गप्प करायचं. तिने गुरुजी ठेवले शेवटच्या चार ओळींत. त्या लिहिताना तिचे डोळे भरून आले होते, आणि असं भरून येणं तिला आवडलंही होतं.

संध्याकाळी पानावर एका शिकवणी वर्गाची जाहिरात येऊन पडली. पान लावणाऱ्या उपसंपादकाला सगळे कात्रीकाका म्हणत. त्यांनी काहीही न वाचता तळातून चार ओळी उडवल्या. दुसऱ्या दिवशी गावभर झालं की मास्तर शाळेला कुलूप लावून उंडारतो. आठवड्याच्या आत गुरुजी निलंबित.

ती तडक संपादकांकडे गेली होती. “खुलासा छापू या ना.”

“छापू की,” ते म्हणाले, “पण आत्ता नको. चौकशी लागलीय. आत्ता खुलासा दिला तर मालिकेतली हवाच निघून जाईल.”

तिने एकदा हट्ट धरला, दोनदा आठवण केली आणि मग तिसऱ्या भागाच्या गडबडीत ते मागे पडलं. हे तिने नवऱ्याला सांगितलं होतं. तो म्हणाला होता, “अगं, कापलं ते कात्रीकाकांनी. तू कशाला जिवाला लावून घेतेस?” पुढचं तिने त्यालाही सांगितलं नव्हतं.

पुढचं म्हणजे, गुरुजी कचेरीत आले होते. खालून निरोप आला, “मॅडम, एक जण भेटायला बसलेत. शाळेचे गुरुजी म्हणतात.” तिने जिन्यावरून वाकून पाहिलं. बाकाच्या अगदी कडेला, मांडीवर पिशवी धरून, वर्गात नवा आलेला मुलगा बसावा तसे ते बसले होते. चेहऱ्यावर रागही नव्हता. राग असता तर ती खाली गेली असती. तिने मागच्या जिन्याने काढता पाय घेतला. गुरुजी संध्याकाळपर्यंत बसून राहिले, असं दुसऱ्या दिवशी कळलं. चौकशी पुरी होण्याआधीच ते वारले.

नंतर स्वागतकक्षातला तो बाक काढून तिथे सोफा आणला. कुणालाही विचारा, सोफा झकास आहे. पण रोज सकाळी आत शिरताना तिला त्याच्या कडेला मांडीवर पिशवी घेतलेला माणूस दिसे. ती मान खाली घालून पुढे जाई. हळूहळू तो इतरत्रही दिसू लागला. बँकेच्या रांगेत, दंतवैद्याच्या बाहेरच्या खोलीत, जिथे जिथे माणसं वाट बघत बसतात तिथे.

पुरस्काराच्या समारंभात विजेत्याने आपल्या लेखनातला उतारा वाचायचा असे. ते कळलं आणि तिला वाट सापडली. गुरुजींची मुलगी आता एका दवाखान्यात नाव नोंदवण्याच्या खिडकीवर बसायची. तिला फोन केला.

“तुमच्या वडिलांबद्दल मी लिहिलं होतं ते छापून आलं नाही. ते मी सगळ्यांसमोर वाचणार आहे. याल?”

तिने आधी तारीख आणि जागा विचारून घेतली. मग, “येते.”

ती आली. तिसऱ्या रांगेत, खुर्चीच्या अगदी कडेला, मांडीवर पर्स धरून बसली. शाळामास्तरणीने व्यासपीठावरून तिला पाहिलं. बसणं अगदी वडिलांचं!

भाषणं लांबली होती. तिचं नाव पुकारलं गेलं तेव्हा पाहुण्यांच्या जांभया लपत नव्हत्या. ती माइकपुढे उभी राहिली आणि वाचू लागली. पहिल्यापासून. कुलूप, धूळ, पोरं. आधी त्यांना चिडू दे, मग गुरुजी येतील. सभागृह खरंच चिडलं, कोणी तरी “अरेरे” म्हणालं. तिचा आवाज चढला. सायकल आता रस्त्याच्या वळणावर होती, आणि निवेदक हसतमुखाने बाजूला येऊन म्हणाला, “वा! सुन्न करणारं लेखन! वेळेअभावी आपण इथेच थांबू या.”

टाळ्यांचा कडकडाट झाला. “थांबा, अजून आहे,” ती म्हणाली, पण माइक त्याच्या हातात गेला होता. ती तोंडाने नुसतीच बोलत राहिली. कुणीतरी तिच्या हातात मानचिन्ह दिलं आणि फोटोसाठी तिला वळवलं.

लोक पांगले. कामगार खुर्च्या एकात एक रचू लागले. गुरुजींची मुलगी जागची हलली नव्हती. शाळामास्तरीण जाऊन तिच्यासमोर उभी राहिली.

“वाचा ना,” मुलगी म्हणाली. “मी ऐकते.”

तिला कागद लागला नाही. ‘शाळेला कुलूप होतं, कारण शाळेतले एकमेव शिक्षक एका मुलीला वीटभट्टीवरून परत आणायला गेले होते. ऊन चढता चढता ती त्यांच्या सायकलवर बसून आली. त्यांनी कुलूप उघडलं. वर्ग भरला.’

मुलगी पुढचं ऐकायला थांबली. पुढे काही नव्हतं.

“एवढंच?” तिने विचारलं. “एवढंच होतं?”

“हो.”

मुलीने पर्स उचलली. कामगार तिच्या खुर्चीसाठी खोळंबला होता. “तुमच्या पेपरच्या कचेरीतून घरी आले तेव्हा बाबा म्हणाले, बाईंना फार कामं असतात,” ती म्हणाली. “एवढं वाचायला किती वेळ लागतो हो?”