चंदाआत्याचा चिमटा

घरी आलेल्या मुलीला चंदाआत्या आधी पाणी विचारत नसे, कंबरेला चिमटा घेई. अंगठा आणि बोट यांच्यामध्ये कातडीची घडी धरायची, क्षणभर डोळे मिटायचे आणि मग निकाल द्यायचा. "हिच्या अंगावर हाय बरं का." माझ्या वाट्याला कायम दुसरा निकाल यायचा. "कातडं नि हाडं, मधी काय न्हाईच." समोर दूधवाला उभा असो की दीर, तिला फरक पडत नसे. लोक तिला मोकळ्या स्वभावाची म्हणत. मला ती आवडत नसे, आणि ती गेली म्हणून आता आवडू लागली आहे असंही नाही.

मी आणे गावची. कॉलेजसाठी वडिलांनी मला वारूळवाडीला, त्यांच्या या थोरल्या बहिणीकडे ठेवलं. तिच्यापुढे वडील तोंड उघडत नसत आणि आई तर वडिलांपुढेही उघडत नसे. त्यामुळे शिक्षण संपताच आत्याने माझं लग्न परस्पर हातात घेतलं. दोन स्थळांनी नकार दिला. दुसऱ्या वेळी पाहुण्यांतली एक बाई निघता निघता ओसरीत बोलली, "पोरगी चांगली हाय, पण छातीला सपाट हाय." आत्याने ते ऐकलं आणि रात्री सगळ्यांना वाढताना मलाही ऐकवलं.

त्या सुमारास तिला पुण्यातल्या एका डॉक्टरीणबाईंचा पत्ता लागला. पोटा-मांड्यांवरची चरबी ओढून घेऊन छातीत भरतात, एवढं तिला कुठूनसं कळलं होतं. "रबर न्हाई, पलास्टिक न्हाई. आपलंच काढायचं नि आपल्यालाच लावायचं. त्यात लाज कसली?" लाज तिला वाटायचं कारणच नव्हतं. अंग माझं होतं.

डॉक्टरीणबाईंनीही पोटाची घडी बोटांत धरून पाहिली, पण त्याआधी "हात लावू का?" असं विचारलं. तोवर मला हे कुणीच विचारलं नव्हतं. पुढचे प्रश्न मला होते आणि उत्तरं आत्या देत होती. तंबाखू? "शिवत बी न्हाई." मिश्री? "मिश्री म्हंजी तंबाखू व्हय? ती दातासाठी असती." ती सवय मला तिनेच लावली होती. नात्यात कुणाला छातीत गाठ, कॅन्सर? इथे आत्याचा आवाज चढला. "आमच्या माहेरात असलं काय न्हाई. कुणाच्या नखात रोग न्हाई."

बाईंनी सरळ सांगितलं की काढण्यासारखी चरबी या मुलीच्या अंगावर नाही. भरलेल्यातली बरीचशी जिरते, म्हणून थोडीथोडकी काढून भागत नाही. वजन वाढलं, वाढून काही महिने टिकलं, मिश्री सुटली, तर पुन्हा बघू. तेव्हा आधी छातीची सोनोग्राफी करू. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "आणि तुला हे हवंय का, याचा विचार करून ये." एवढ्या बोलण्यातलं आत्याने फक्त वजन ऐकलं.

मग माझे हाल सुरू झाले. डिंकाचे लाडू, शिकरण, भाकरीवर तुपाचा गोळा, आणि ताट संपेस्तोवर समोर बसून राहिलेली आत्या. मला उलट्या व्हायच्या. ती पाणी द्यायची आणि पुन्हा वाढायची. मी एकदा रडत म्हणाले, आत्या, सगळं पोटावरच चाललंय. ती म्हणाली, "कुठं लावायचं ते डाक्टर बघत्याल. तू आदी अंगावर तर येऊ दे!" गावातल्या बायांना हे सांगताना ती हसायची. त्या हसण्याचा मला आजही राग येतो.

पुढच्या खेपेला माझी सोनोग्राफी झाली. आत्या बाहेर बाकावर पदर सावरून बसली होती. तपासणी ठीक निघाली. बाईंनी मला एकटीलाच समोर बसवलं आणि विचारलं, "तुला काय हवंय?" मी म्हणाले, मला नको. एवढं बोलायला मला फार वेळ लागला. त्यांनी आत्याला आत बोलावून सांगितलं, "चरबी आता पुरेल. पण हिला हे नको आहे. जिला नको असतं ती या ऑपरेशनला योग्य नसते." नारायणगावला एसटीतून उतरल्यावर आत्या म्हणाली, "माजं नाक कापलंस." त्यानंतर आम्ही कामापुरतंच बोललो.

माझं लग्न पुढे मंचरला झालं, तिच्या मदतीशिवाय. काही वर्षांनी निरोप आला की आत्या अंथरुणाला खिळली आहे आणि अंगाला कुणाला हात लावू देत नाही. मी गेले, दार लावून घेतलं आणि तिचा ब्लाऊज काढला. डाव्या छातीवर हळदीत भिजवलेलं फडकं होतं, त्याखाली जखम. वास खोलीभर सुटला.

"कधीपासून?" मी विचारलं.

"पुण्याला गेलो तवाच व्हती. सुपारीयेवढी."

मी तिला पुसत होते. आत यंत्र होतं, डॉक्टर होती, आणि ही बाई बाकावर बसून राहिली. माझ्या देहाबद्दल डॉक्टरांशी खोटं बोलली ते वेगळंच.

"सांगितलं का नाहीस?"

"माहेरात असलं दुखणं हाय म्हणलं असतं, तर तुला कुणी पत्करली असती? आताबी बोलू नको. तुला लेक हाय. पोटाचं दुखणं व्हतं म्हणून सांग."

मी हो म्हणाले नाही. नाहीही म्हणाले नाही, तिला तेव्हा फार वेदना होत होत्या.

दशक्रियेच्या दिवशी पुरुष घाटावर गेले आणि बाया माजघरात जमल्या. आत्याच्या मोकळ्या स्वभावाच्या आठवणी निघाल्या. कुणी म्हणालं, भाचीसाठी लई झिजली. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी उभी राहिले आणि म्हणाले, "आत्याला छातीचा कॅन्सर होता. पोटाचं काही नव्हतं. गाठ लहान होती तेव्हापासून तिला माहीत होतं आणि ती लपवून बसली. तुमच्यात कुणाला हाताला काही लागत असेल तर आज बोला."

एकच गलका झाला. मेलेल्या माणसाची अब्रू काढते म्हणून एकीने मला हाताला धरून खाली बसवायला पाहिलं. आई रडायला लागली. बाया एकेक करून उठल्या आणि पाय आपटत ओसरीत गेल्या.

आत्याची पाठची बहीण, मालूआत्या, तेवढी भिंतीला टेकून बसून राहिली. माझ्याकडे न बघता तिने माझा हात ओढला आणि पदराखाली, काखेजवळ नेऊन ठेवला.

"हितं," ती म्हणाली. "बग गं."