पत्नी, राहणार तिसगाव

आमची पलटण तेव्हा नगरला होती. १९९९ च्या जूनमध्ये वर, डोंगरात जायचा हुकूम आला. स्पेशल ट्रेन नगर स्टेशनवरून दुपारी चारला सुटणार होती.

मी कंपनीचा क्लार्क, हुद्दा हवालदार. वडील नागापूरच्या कारखान्यात हेल्पर होते. आमच्या घरातला पहिला बी.ए. मी, तोही पलटणीत राहून, बाहेरून परीक्षा देऊन. ते पलटणीचे उपकार मी विसरलेलो नाही.

सकाळी साडेसातला कागदपत्रांची तपासणी सुरू झाली. काही झालं तर कोणाला कळवायचं, हे प्रत्येक जवानाला विचारून पक्कं करावं लागतं. त्याला नेक्स्ट ऑफ किन म्हणतात. जवान नाव सांगतो, सही करतो, पुढे जातो. नाईक मिलिंद साळवे मात्र टेबलापासून हलेना.

“आई, पारूबाई साळवे, तिसगाव. बरोबर?”

“बदल आहे, क्लार्कसाब. बायको लिहा.”

“लग्न कधी केलंस?”

“आज अकराला आहे.”

मागचे जवान हसले. मिलिंद हसला नाही.

मला थोडं ठाऊक होतं. बारावीपर्यंत तो राहात्याला वसतिगृहात राहिला. तिथल्या कुलकर्णी सरांनी त्याला फी न घेता गणित शिकवलं. त्यांची मुलगी वृंदा. मिलिंद बौद्ध वस्तीतला, शेतमजुराचा मुलगा. सरांचं घर तीन पिढ्या शिक्षकांचं. सरांनी लग्नाला नकार दिला होता. तेव्हा दोघांनी रजिस्टर लग्नाची नोटीस दिली. त्या नोटिशीचे तीस दिवस आदल्याच दिवशी पुरे झाले होते.

“परत आल्यावर कर,” मी म्हणालो.

“नाही आलो तर? तिला पेपरात वाचून कळेल. रडायचीसुद्धा चोरी होईल तिला.”

सुभेदार जाधवसाहेबांनी एक वाजेपर्यंत बाहेर राहायचा आउटपास दिला. साक्षीदार म्हणून मी आणि ड्रायव्हर शिंदे त्याच्याबरोबर रजिस्ट्रार ऑफिसला निघालो.

वृंदा पहिल्या एस.टी.ने आली होती. हातात एक कापडी पिशवी, पायात साधी चप्पल. कायद्याने साक्षीदार तीन लागतात. तिसरी तिची मैत्रीण यायची होती. अकरा वाजले, साडेअकरा झाले, मैत्रीण आली नाही. सर आले.

ते ओरडले नाहीत. धोतर सावरून बाकावर बसले.

“वृंदा, आईनं कालपासून अन्न घेतलेलं नाही. चल.”

ती जागची हलली नाही. मग ते मिलिंदकडे वळले. “तू माझा विद्यार्थी. माझ्या घरी जेवलास.”

“ओसरीवर जेवलो, सर. ताट मीच घासून ठेवायचो.”

सरांनी चष्मा काढून पुसला. बराच वेळ पुसत राहिले.

सव्वाबाराला लग्न लावणाऱ्या अधिकाऱ्यांनी घड्याळ पाहिलं. “तिसरा माणूस नसेल तर सोमवारी या. मला मीटिंग आहे.”

“सोमवारी हे कुटं असनार, सायेब?” शिंदे म्हणाला. “रस्त्यावरून कुनालाबी धरून आनू का?”

“ओळखीचा हवा.”

बाहेर आमच्या जीपमधला वायरलेस खरखरला. वायरलेसवर आमच्या कंपनीचं नाव चार्ली. मी धावलो.

“चार्ली, तुमची पार्टी कुठे आहे? ओव्हर.”

“रजिस्ट्रार ऑफिस. एक साक्षीदार कमी आहे. ओव्हर.”

पलीकडे कोणीतरी हँडसेट दुसऱ्याकडे दिला. मग सुभेदारसाहेबांचा आवाज. “थांबा. आउट.”

मी परत आत गेलो. सरांनी लेकीची पिशवी उचलून हातात घेतली होती. बारा चाळीसला दुसरी जीप लागली. सुभेदारसाहेब उतरले. मिलिंदने सॅल्यूट केला. त्यांनी त्याच्याकडे पाहिलंही नाही.

“सही कुठे करायची?”

त्यांनी सही केली. मग सरांपुढे उभे राहिले. “गुरुजी, पोरगा सात वर्षं माझ्या हाताखाली आहे. त्याची हमी माझी.” सर पिशवी बाकावर ठेवून पायऱ्या उतरून गेले.

लग्न लागलं, पण काम निम्मंच झालं होतं. लष्करात लग्नाची नोंद करणारी ऑर्डर निघेपर्यंत लग्न झालेला माणूसही कागदावर अविवाहितच असतो. टाइपरायटर आणि शिक्का मी सकाळीच पेटीत भरून वॅगनमध्ये चढवले होते. ही माझी चूक. स्टेशनवर सील तोडून पेटी उतरवली, तेव्हा सव्वातीन झाले होते. पेटीवरच टाइपरायटर ठेवला.

“पत्नीचा पत्ता?”

मिलिंदने वृंदाकडे पाहिलं. राहात्याचं दार बंद झालं होतं. मिलिंदच्या आईला तिने अजून पाहिलंही नव्हतं.

“तिसगाव लिहा,” वृंदा म्हणाली. “सासूबाईंजवळ राहीन.”

“घर पत्र्याचं आहे,” मिलिंद हळूच म्हणाला.

“पत्ता विचारलाय त्यांनी. छप्पर नाही.”

पलटणीच्या अॅडजुटंटसाहेबांनी तीन पन्नासला ऑर्डरवर सही केली. चारला गाडी हलली. लग्नानंतर त्या दोघांना मिळाले ते हे तीन तास, आणि तेही सगळे आमच्यादेखत.

जुलैत, एका चढाईत, आमच्या कंपनीचे तिघे गेले. वायरलेसवर आधी नंबर आले, मग नावं. दुसरं नाव मिलिंदचं. तार मीच तयार केली. वृंदा मिलिंद साळवे, तिसगाव. पार्थिवाबरोबर एस्कॉर्ट म्हणून मला पाठवलं.

तिसगावात पाय ठेवायला जागा नव्हती. तिरंगा कोणाच्या हाती द्यायचा, असं पार्थिवाबरोबर आलेल्या साहेबांनी विचारलं. गावकऱ्यांनी पारूबाईंना पुढे केलं. कोणीतरी म्हणालं, “सून एका म्हैन्याची. जाईल की माघारी.”

पारूबाईंनी हात जोडले. “सायेब, कागद काय म्हनतो?”

मी कागद उघडला. बोटाने ओळ दाखवली. त्यांना वाचता येत नव्हतं, तरी त्या ओळीकडे त्या नीट बघत राहिल्या.

“मग तिलाच द्या,” त्या म्हणाल्या. “माज्या पोरानं इचार करूनच लिवलं आसल.”

वृंदाने तिरंगा घेतला आणि एक टोक पारूबाईंच्या हाती दिलं. दोघी तशाच उभ्या राहिल्या. गर्दीच्या कडेला मला सर दिसले. डोक्यावरची टोपी काढून, ताठ उभे होते.

शिपाई रामदास घुले. नाईक मिलिंद साळवे. लान्स नाईक अशोक पवार. नोंदीतला क्रम हाच आहे. तिघांची नावं मीच टाइप केली.