ठकीची उलटी बटणं

सासूची स्तुती करणाऱ्या सुनेवर लोकांचा विश्वास बसत नाही. म्हणून आधीच सांगून टाकते, की माझं आणि सासूबाईंचं पहिलं कडाक्याचं भांडण त्यांच्या गाडीवरून झालं आणि त्यात मीच बरोबर होते.

गाडीचं नाव ठकी. सायीच्या रंगाची, गोल पाठीची, दोन दारांची आणि इतकी बुटकी, की उंच माणूस आत बसला की गुडघे हनुवटीला लागायचे. त्या काळी चारचाकीत यापेक्षा स्वस्त काही मिळत नव्हतं. सासरे गेले तेव्हा माझा नवरा एवढासा होता. सासूबाई पडदे शिवायच्या. लोकांच्या घरी जाऊन खिडक्यांची मापं घ्यायची, पडदे शिवायचे आणि ते स्वतः नेऊन टांगून द्यायचे, असं त्यांचं काम. पडद्यांच्या लांबच लांब दांड्या घेऊन बसमध्ये कोण चढू देणार? म्हणून त्यांनी ठकी घेतली, तीही कुणी तरी वापरून टाकलेली. दांड्या पुढच्या काचेपासून मागच्या काचेपर्यंत आडव्या, मागच्या सीटवर कापडाचे तागे आणि ताग्यांवर झोपलेला माझा नवरा. कोऱ्या कापडाचा वास आला की त्याला अजून पेंग येते. कापडाच्या दुकानात त्याला नेण्यात काही अर्थ नसतो.

ठकीचं दुखणंखुपणं पहिल्यापासून एकच मिस्त्री बघायचे. पुढे या गाडीचे सुटे भाग मिळेनासे झाले, तेव्हा ते हाताशी असेल ते बसवू लागले. अडला हरी! वायर कमी पडली की इथली तिथे जोडायची. असं करता करता ठकीची अवस्था अशी झाली, की स्टिअरिंगवरचा हॉर्न दाबला की वायपर चालायचे आणि वायपरचं बटण ओढलं की हॉर्न वाजायचा. डावीकडचा इंडिकेटर दिला की उजवीकडचा दिवा लुकलुकायचा. पेट्रोलचा काटा दुसऱ्याच कुठल्या तरी गाडीचा होता, टाकी भरली की तो तळाला जायचा. सासूबाईंच्या हाताला हे सगळं इतकं बसलं होतं, की त्यात काही उलटं आहे हेच त्या विसरून गेल्या होत्या.

मी लग्न होऊन आले तेव्हा माझं लायसन्स ताजं होतं. पहिल्याच दिवशी एका सायकलवाल्याला बाजूला करायला हॉर्न दाबला, तर कोरड्या काचेवर वायपर फरफरायला लागले. ते बंद करायला गेले तर हॉर्न असा बोंबलला, की सायकलवाला सायकल टाकून पळाला. घरी येऊन मी किल्ली टेबलावर आपटली आणि म्हटलं, "ही गाडी आहे का वेड्यांचा बाजार?"

सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "नाचता येईना अंगण वाकडं."

मी पुढे कित्येक दिवस त्यांच्याशी कामापुरतंच बोलले. ठकीला तर हातही लावला नाही.

ही म्हण त्यांच्या तोंडी सारखी असायची. सुई बोथट आहे, कात्री चालत नाही, असं कुणी म्हणायचा अवकाश, की आलंच अंगण. त्याचं कारण मला फार उशिरा कळलं. त्यांच्या आईला शेवटी शेवटी काही आठवेनासं झालं होतं आणि तिचं सगळं यांनीच केलं होतं. एकदा पडद्याला चुण्या घालता घालता त्या मला म्हणाल्या, "सुरुवात कशी झाली माहीत आहे? घड्याळ उलटं चालतंय, म्हणाली. मग कुणी तरी कुलूप बदललंय. मग हा कप माझा नाही. माणूस वस्तूंना दोष द्यायला लागला ना, की समजायचं."

आता घडलं काय ते सांगते. ठकीचा ब्रेक किंचाळायला लागला म्हणून सासूबाईंनी ती मिस्त्रींकडे टाकली. त्यांनी ती ठेवून घेतली आणि दोन दिवसांनी स्वतः आणून दारात उभी केली. ब्रेक गप्प झाला होता. पण त्या दिवसापासून सासूबाईंचंच काही तरी बिघडलं.

मापं घेऊन परत आल्या की त्यांचा चेहरा उतरलेला असायचा. एकदा बघितलं, तर ठकी दाराशी उभी आणि या आत नुसत्या बसलेल्या, हात मांडीवर. एकदा भर रस्त्यात पेट्रोल संपलं आणि लोकांनी गाडी ढकलत आणली. जन्मात त्यांचं कधी असं झालं नव्हतं. घरातल्या स्वयंपाकघराची खिडकी, जिचं माप त्यांना तोंडपाठ होतं, ती त्या पुन्हा पुन्हा टेपनं मोजायला लागल्या.

जेवताना त्यांनी माझ्या नवऱ्याला विचारलं, "का रे, हॉर्न दाबल्यावर काय होतं?"

त्यानं ताटातून मान वर न करता उत्तर दिलं, "हॉर्न वाजतो. आणखी काय होणार?" त्याला बिचाऱ्याला गाडी चालवता येत नाही. ठकीतला त्याचा सगळा जन्म झोपेत गेलेला.

"हो. बरोबर," सासूबाई म्हणाल्या आणि अर्ध्या जेवणावरून उठल्या.

मला काही कळेना. माझं काही चुकलं का? त्यांचे डोळे अधू झाले का? नवऱ्याला विचारावं तर तो म्हणे, वय झालं. वय झालं म्हणजे काय, एका आठवड्यात होतं का वय? मग एका सकाळी त्यांनी ठकीची किल्ली माझ्या हातावर ठेवली.

"ठेव तुझ्याकडे. मी आता चालवणार नाही."

"का?"

"कंटाळा आला."

शिलाई मशीनवरही त्यांनी खोळ चढवली. जुनी गिऱ्हाइकं आली की म्हणायच्या, दुसरं कुणी तरी बघा. शेवटी माझा संयम सुटला. माझा लवकर सुटतो. "अहो आई, काय झालंय ते सरळ सांगा ना!"

"काही झालं नाही गं," त्या म्हणाल्या. "सगळं ठीक आहे. तेच तर."

याचा अर्थ काय लावायचा? मी डोक्याला हात लावला आणि भाजी आणायला निघाले. ठकी दारात होतीच, म्हटलं बघू. जीव मुठीत धरून चालवली. एक हातगाडी आडवी आली, घाबरून हॉर्न दाबला, तर हॉर्न वाजला. वळणावर इंडिकेटर दिला, तर बरोबर त्याच बाजूचा लागला. मला वाटलं, इतक्या वर्षांनी आपल्याला जमलं! स्वतःचं कौतुक पचवायला माणसाला वेळ लागत नाही. मी रोज काही तरी निमित्त काढून बाहेर पडायला लागले.

सासूबाई खिडकीशी बसून एका जुन्या पडद्याची दुमड उसवत होत्या. मी पिशवी ठेवली आणि ऐटीत म्हटलं, "आई, ठकी माझ्यापुढे नरमली बरं का! हॉर्न दाबला की हॉर्न वाजतो, डावा दिवा लावला की डावाच लागतो. अंगण वाकडं म्हणत होतात ना? बघा, नाचून दाखवलं."

त्यांचा हात थांबला. "हॉर्न दाबल्यावर हॉर्न वाजतो?"

"हो."

"ठकीत?"

"ठकीत."

त्या उठल्या आणि हातातल्या कात्रीसकट, घरातल्या सपातांनी बाहेर गेल्या. ठकीत बसल्या आणि हॉर्न दाबला. वाजला. पुन्हा दाबला. समोरच्या दोन खिडक्या उघडल्या. मी दाराशी उभी होते आणि माझ्या जाड डोक्यात तेव्हा कुठे उजेड पडला.

"अहो आई, गाडी बदललीय! तुम्ही नाही!"

त्यांनी स्टिअरिंगवर डोकं टेकवलं, त्यानं हॉर्न आणखीच वाजत राहिला, आणि त्या आवाजात त्या रडल्या. "मला वाटलं, आईचं ते माझ्यात आलं," असं काहीसं ऐकू आलं. महिनाभर हे पोटात घेऊन ही बाई आमच्यात वावरत होती! चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात, पण इथे संन्यासीच आपल्या पायानं सुळावर चढायला निघाला होता. गाडीला दोष देणं हीच त्यांच्या लेखी दुखण्याची पहिली खूण, मग त्या गाडीवर संशय कशा घेणार? मी दार उघडून त्यांना मिठी मारली. कात्री टोचली, पण तेव्हा कळलं नाही.

रडून झाल्यावर त्यांनी डोळे पुसले. "आता त्या मिस्त्रीची काही धडगत नाही. चल."

मिस्त्रींच्या गॅरेजचं शटर अर्धं खाली होतं. आत भिंतीवरची हत्यारं गेली होती, त्यांच्या जागी तेवढे पांढरे आकार राहिले होते. मिस्त्री एका स्टुलावर बसून होते. सासूबाईंनी तिथल्या तिथे तोफ डागली. "न सांगता कशाला हात लावलात?"

"सांगितलं होतं की ताई," मिस्त्री गोंधळून म्हणाले. "सांगितलं ना? गॅरेज बंद करतोय म्हटलं." मग खाली बघत म्हणाले, "हल्ली बॉनेट उघडलं की माझीच वायर मला ओळखू येत नाही. कुठली कशाला जोडली तेच आठवत नाही. म्हणून सगळ्यांच्या गाड्या कंपनीच्या होत्या तशा करून टाकल्या. पुढच्या माणसाला माझ्या डोक्यात शिरायला नको."

सासूबाई एकदम मवाळ झाल्या. "बरं. पण माझी होती तशी करून द्या. माझा हात बसलाय तिच्यावर."

"कशी होती?"

सासूबाई ठकीत बसल्या आणि एकेका बटणावर बोट ठेवून सांगत गेल्या. हे दाबलं की वायपर. हे ओढलं की हॉर्न. काटा असा. दिवे असे. एकदाही अडखळल्या नाहीत. मला इतका आनंद झाला, की टाळ्या वाजवाव्यात असं वाटलं.

"आणि हे दाबलं की काय व्हायचं?" मिस्त्रींनी हॉर्नकडे बोट दाखवलं.

"वायपर."

त्यांनी एक वायर हातात धरली, थोडा वेळ तिच्याकडे बघितलं आणि पुन्हा विचारलं, "आणि हे दाबलं की?"

"वायपर," सासूबाई म्हणाल्या. आवाज तोच, पहिल्यांदाच सांगत असल्यासारखा. त्यांच्या आईशी त्या कशा बोलत असतील, ते मला त्या क्षणी कळलं. तिसऱ्यांदाही त्यांनी तसंच सांगितलं. मग हळूच मिस्त्रींच्या हातातून वायर काढून घेतली. "राहू द्या मिस्त्री. अशीच बरी आहे. मीच शिकते नव्यानं."

आणि शिकल्या. वेळ लागला, अधूनमधून कोरड्या काचेवर वायपर फिरले, पण शिकल्या. मशीनवरची खोळ निघाली, दांड्या पुन्हा काचेपासून काचेपर्यंत गेल्या.

गॅरेज आता बंद आहे. तरी मापं घेऊन येताना सासूबाई ठकी मिस्त्रींच्या घरापाशी थांबवतात. "काही तरी खटखटतंय, जरा बघता का?" म्हणतात. खटखट कसली नि काय! पहिल्यांदा मी तसं बोलून गेले, तर मला चिमटा बसला. मिस्त्री बाहेर येतात, बॉनेट उघडून बराच वेळ कान देतात आणि बंद करतात.

परवा त्यांनी बॉनेट लावलं, हात पुसले आणि खिडकीशी वाकून सासूबाईंना सांगितलं, "ताई, एक लक्षात ठेवा हं. या गाडीत हॉर्न दाबला की वायपर चालतात. मीच केलंय तसं. विसरू नका."

"नाही विसरत," सासूबाई म्हणाल्या.