बॉम्ब शेल्टरमध्ये बसवलेली लेक

आंग मो किओच्या आमच्या फ्लॅटमध्ये एक बॉम्ब शेल्टर होतं. इथे परदेशात ते घराबरोबरच मिळतं: जाड भिंती, पोलादी दार, युद्ध झालंच तर आत लपायचं. युद्ध काही होईना, म्हणून सगळे करतात तेच आम्ही केलं, तिथे अडगळ भरली.

त्या वर्षी सासूबाई पुण्याहून खास गणपतीसाठी आल्या होत्या, आणि नेमकी चतुर्थीच्या सकाळी माझ्या बारा वर्षांच्या लेकीला पहिल्यांदा पाळी आली. शाळेत सगळं शिकवलेलं. तिनं स्वतःच पॅड घेतलं आणि दात पडल्याची बातमी सांगावी तसं येऊन सांगितलं. मला केवढं कौतुक वाटलं! सासूबाईंनी मात्र घरभर नजर फिरवली. बाजूला बसवायचं तर कुठे? बाल्कनी नाही, कॉरिडॉरमध्ये शेजारी.

"ती पोलादी दाराची खोली आहे ना," त्या म्हणाल्या, "तिथे बसू दे."

मी भडकलेच. "आई, पाळी आलीय तिला. ती बॉम्ब नाहीये!"

नवरा मखराला टाचण्या टोचत पुटपुटला, "दीड दिवसाचा तर प्रश्न आहे, सणासुदीला वाद कशाला?"

आमचं जुंपेपर्यंत लेक स्टूल घेऊन आत जाऊन बसलीसुद्धा. "इट्स ओके लाह, आई," ती इथल्या पोरांच्या ढंगात म्हणाली. खोलीचं काय एवढं? तिला हे सगळं पटेल, याचीच मला धास्ती होती.

मग तमाशा सुरू झाला. समई आत होती. ताम्हन आत, चौरंग आत, कापूर, मोदकपात्र, सगळं सुटकेसांच्या मागे. विटाळ नको म्हणून आम्ही पोरीला थेट देवाच्या कोठारात बसवलं होतं. सासूबाई आणि नवरा सोवळ्यात, आणि मी आत जायला निघाले तर सासूबाई म्हणतात, "तू शिवलीस तर मोदक कोण वळणार?" मग मीही हाताची घडी घालून उभी राहिले. म्हटलं, बघू या गंमत.

"हात लावू नकोस हं," सासूबाई दारातून ओरडल्या, "समई पायानं पुढे सरकव."

"आजी, देवाच्या समईला पाय?"

सासूबाईंनी बाहेरूनच झाडूनं ओढून पाहिली, तर समई व्हॅक्यूम क्लीनरच्या नळीत अडकली. पाहुणे यायची वेळ झाली होती. शेवटी त्या वैतागून म्हणाल्या, "बरं, तूच घेऊन ये बाई बाहेर. देव समजून घेईल."

लेक जागची हलली नाही. "नको आजी. मी टच केलं तर देव डर्टी होईल ना."

सकाळी दात पडल्यासारखं सांगणारी माझी पोर! मला रडूच फुटलं.

"कुणी सांगितलं गं तुला असं?" सासूबाईंनी विचारलं.

लेकीनं त्यांच्याकडे नुसतं पाहिलं.

सासूबाई सोवळ्यानिशी आत गेल्या, तिचा हात धरून तिला बाहेर घेऊन आल्या, आणि आरती संपेपर्यंत त्यांनी तो सोडला नाही.