खिडकीच्या उजेडात दात पाहणाऱ्या वत्सला मॅडम

डॉ. वत्सला मॅडम यांच्याशी माझी पहिली भेट भंडाऱ्यातल्या त्यांच्या दवाखान्यात झाली. मी तेव्हा आठवीत होतो. माझे दात उगवले तेव्हापासूनच तपकिरी. वर्गात गुरुजी सर्वांसमोर म्हणाले होते, "खर्रा खाऊन शाळेत येतोस?" त्या दिवसापासून मी शाळेत गेलो नाही आणि रोज लिंबू-मिठाने दात घासू लागलो. रंग गेला नाही. पुढच्या दाताचा टवका मात्र उडाला. म्हणून आई मला आमच्या कारधा गावाहून घेऊन आली.

मॅडमनी माझे दात पाहिले, आणि पदर तोंडावर धरून बसलेल्या आईकडे त्या वळल्या.

"बाई, पदर जरा बाजूला करता का?"

"माह्यं काय काम जी? दुखनं पोराचं हाये."

"पाहू तर द्या."

आईचे दातही तसेच, झिजून हिरड्यांपर्यंत आलेले. मॅडम म्हणाल्या, "हे तंबाखूच्या खर्र्याचे डाग नाहीत. हे आईकडून पोराकडे आलेलं आहे."

आई रडू लागली. "म्हंजे माह्याच पायी?"

"याचं नाक कोणावर गेलं?"

"माह्या बापावर."

"मग नाकासाठी बापाला बोल लावता का? दातांचंही तसंच."

त्याच दिवशी त्यांनी शाळेसाठी चिठ्ठी लिहून दिली: हे दात जन्मजात असे आहेत, तंबाखूचा संबंध नाही. पुढच्या भेटीत त्यांनी विचारले, "दिली?" मी म्हणालो, "दिली."

उपचार सांगताना मॅडम खोटी आशा दाखवत नाहीत. हा रंग दाताच्या आतल्या थराचा असतो, त्यामुळे घासून जात नाही आणि ब्लीचिंगनेही फारसा हटत नाही, हे त्यांनी मला समजावले. आतला थर मऊ, म्हणून वरचे कवच उडते. त्यांनी आधी दाढांवर कॅप बसवल्या. चावणे वाचवायचे, दिसणे मागाहून. पुढच्या दातांना वाढ पूर्ण होईपर्यंत दातांच्या रंगाचा लेप दिला. पक्क्या सिरॅमिक कॅपची पाळी अठरा पूर्ण झाल्यावर आली.

रंग निवडायला मॅडम रुग्णाला खिडकीपाशी उभे करतात. ट्यूबलाइटवर त्यांचा विश्वास नाही. रंगांच्या पट्टीवरचा सर्वांत पांढरा दात मी दाखवला.

"नवरदेवाच्या बाशिंगातले मोती बसवू का?" मॅडम हसल्या. पण नाही म्हणाल्या नाहीत. त्याच रंगाच्या तात्पुरत्या कॅप लावून दिल्या. "पंधरा दिवस राहून पाहा."

घरी आई म्हणाली, "अगा, तू हासला का धानाच्या बांधीतून बगळा उडल्यावानी दिसते!" चौथ्या दिवशी मी परत गेलो आणि थोडा पिवळसर रंग स्वतःच मागितला. आईलाही मॅडमनी कवळी करून दिली. आई आता पदर डोक्यावरच ठेवते.

पुढे मॅडमनी मला दवाखान्यातच कामाला घेतले. आज रंगांची पट्टी मीच धरतो.

गेल्या वर्षी माझ्या लेकीला पहिला दात आला, तोही तपकिरी. मी कोणाला सांगितले नाही. मॅडमनीच एक दिवस विचारले, "लेकीला केव्हा आणतोस?"

माझ्या तोंडून निघाले, "मॅडम, माझ्यामुळेच झालं."

"नाक कोणावर गेलं तिचं?" एवढेच त्यांनी विचारले आणि तिची तपासणी सुरू केली. दुधाच्या सगळ्या दाढा आल्या की त्यांवर स्टीलच्या कॅप बसतील. बाकीचे टप्प्याटप्प्याने.

एक गोष्ट इथे प्रथमच कबूल करतो. मॅडमनी दिलेली ती चिठ्ठी मी शाळेत दिलीच नाही. दोनदा फाटकापर्यंत गेलो आणि परतलो. ती अजून माझ्या पेटीत आहे. मॅडम, माझ्या लेकीसाठी तशीच चिठ्ठी लिहून द्यावी. ती शाळेत जाईल त्या पहिल्याच दिवशी मी बाईंच्या हातात देईन आणि त्यांचे वाचून होईपर्यंत तिथेच उभा राहीन. या वेळी परतणार नाही.

आज मॅडम साठ वर्षांच्या झाल्या. लेक अठरा पूर्ण करील तेव्हा त्या शहात्तर वर्षांच्या असतील. तोवर आणि त्यापुढेही त्यांची नजर अशीच बारीक आणि हात असाच स्थिर राहो. लेकीला खिडकीपाशी उभे करून पट्टी मी धरीन. ती सर्वांत पांढऱ्या दातावर बोट ठेवणार, हे मला आजच ठाऊक आहे. तेव्हा "पंधरा दिवस राहून पाहा" म्हणायला मॅडम हव्यात.