व्हिट्रियस, म्हणजे काचेसारखं

डॉक्टरांच्या चिठ्ठीवर सात ओळी होत्या. मी त्यातला एक शब्द वाचला आणि चिठ्ठी खिशात घातली. चूक एवढीच. सांगताना ती फार किरकोळ वाटते, म्हणून मी पुष्कळ दिवस ती अशीच सांगत आलो.

मी धुळ्याला देवपुरात राहतो आणि अकरावी-बारावीला इंग्रजी शिकवतो. सासुरवाडी एरंडोलजवळच्या खेड्यात. तिथे इंग्रजी अक्षर असलेला कुठलाही कागद घरात आला की माझ्यासाठी राखून ठेवतात. फवारणीच्या बाटलीवरचं लेबल, टीव्हीची वॉरंटी, नातीच्या शाळेची नोटीस. मी चष्मा चढवतो, घसा साफ करतो आणि कागदात नसलेलंही बरंच सांगतो. पंचवीस वर्षांत कुणी मला अडवलेलं नाही. जावयाला कोण अडवणार?

माझे सासरे, आबा, गावाजवळच्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढतात त्या कारखान्यात, कापूस पारखायचे. चाळीस वर्षं. शेतकऱ्याचं वाहन फाटकातून आत आलं की आबा ढिगात कोपरापर्यंत हात घालून मूठभर कापूस काढत, सरकीपासून धागा ओढत, दोन अंगठ्यांत ताणून उजेडाकडे धरत. मग सांगत, माल चोख आहे की कवडी, म्हणजे डागाळलेला. शेठजी त्यानंतरच भाव बोलत. आबांनी बघितलेला कापूस पुन्हा कुणी बघत नसे. घरात त्यांना चहात साखर किती हवी हेही कुणी विचारत नव्हतं, पण फाटकाच्या आत त्यांचं म्हणणं शेवटचं असायचं.

त्या दिवाळीनंतर आबांना चांगल्या कापसात कचरा दिसू लागला.

मी सुट्टीला गेलो होतो. दुपारी त्यांचा डबा घेऊन जिनिंगवर पोचलो, तर एका शेतकऱ्याशी त्यांची जुंपलेली.

“आबा, कथा शे कचरा? दखाडा ना माले!”

“हाऊ काय! तुना डोया फुटनात का?” आबांनी नखाने काहीतरी उचललं. बोटावर काही नव्हतं. परत उचललं. परत काही नाही. काळा ठिपका नजरेसमोर यायचा, धरायला गेलं की बाजूला सरकायचा.

“शेठनी शिकाडं व्हई तुमले,” शेतकरी म्हणाला आणि वाहन घेऊन निघून गेला. शेतकऱ्यांच्या बाजूने शेठजींशी चाळीस वर्षं भांडलेल्या माणसाला हे ऐकावं लागलं. आबांनी डब्याकडेही बघितलं नाही.

हमालांना मात्र खेळ सापडला होता. एकाने पांढराशुभ्र कापूस पुढे केला. “आबा, याम्हा बी शे का हो?” आबांनी तो मनापासून हातात घेतला आणि वेचायला बसले. एक ठिपका, दुसरा, मग एक धागा, कोळ्याच्या जाळ्यासारखा. मागे दोन हमाल पोट धरून बसले होते. कारकून मोबाइलच्या घड्याळात आबा किती वेळ वेचतात ते मोजत होता. आणि जावई? जावयाने व्हिडिओ काढला. घरच्या ग्रुपवर टाकला, वर लिहिलं, ‘सासरेबुवांची स्वच्छता मोहीम’. हसून डोळ्यांत पाणी आलेल्या चेहऱ्यांची रांग लागली. बायकोचा चेहरा त्यात नव्हता. तिने व्हिडिओ तीनदा बघितला आणि भावाला म्हणाली, “उद्या सकाळी आबांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे ने.”

दुसऱ्या दिवशी दुपारी माझा मेहुणा आबांना एरंडोलहून घेऊन आला. दवाखान्यात गर्दी होती, डॉक्टरांनी डोळ्यात औषध घालून बघितलं आणि चिठ्ठी दिली.

“दाजी, जळगावला मोठ्या डॉक्टरकडे न्या म्हणे. सगळं चिठ्ठीत लिहिलंय. वाचा बरं, घाई आहे का?”

अक्षर डॉक्टरी होतं. मला एकच शब्द लागला, पण काय शब्द होता! व्हिट्रियस. मी खाटेवर मांडी घालून बसलो. सासूबाई, माझी बायको, मेहुणा, त्याची बायको, सगळे समोर. आबा खुर्चीत, डोळ्यांत अजून औषधाची चुरचुर.

“व्हिट्रियस म्हणजे काचेसारखं,” मी सुरू केलं. “लॅटिनमध्ये काचेला व्हिट्रम म्हणत. त्याच नावाचं एक झुडूपही होतं, त्यापासून निळा रंग काढत. जुनी काच निळसर असायची, म्हणून दोघांचं नाव एक, असं काही जण म्हणतात. खात्रीने कुणी सांगत नाही.” (खात्री नसलेली गोष्ट खात्री नाही असं मी त्या दिवशी एवढी एकच सांगितली.) “तुमच्या ओट्याखाली व्हिट्रिफाइड फरशी आहे ना, तीही त्याच घरातली. भाजून भाजून काचेसारखी केलेली. तुम्ही लिंबांवर मारता ते मोरचूद, त्याला इंग्रजीत ब्लू व्हिट्रिअल म्हणतात. का? खडा काचेसारखा दिसतो म्हणून. आणि तेजाबाचंही जुनं नाव तेच, व्हिट्रिअलचं तेल.”

“आणि आबांचं काय?” माझी बायको म्हणाली.

“तेच सांगतोय. डोळ्याच्या आत ताडगोळ्यासारखा गर असतो, काचेसारखा स्वच्छ. त्याचं नाव व्हिट्रियस. वय झालं की तो आक्रसतो, त्यात धागे होतात, त्यांची सावली पडते. म्हणजे आबा, कचरा कापसात नाही, तुमच्या डोळ्यात आहे!”

सगळे हसले. मेहुण्याने मांडीवर थाप मारली. आबाही हसले, सुटल्यासारखे. “मंग मी खोटं नही बोलनू,” ते म्हणाले. “माले दिसतच व्हतं.” मग त्यांनी विचारलं, “पन कोपऱ्याम्हा ईज चमकस, ती काय शे?”

“आबा, काच आहे. चमकणारच!”

पुन्हा हशा. हा माझा त्या दिवसाचा सगळ्यात चांगला विनोद होता.

“मग जळगावला कधी न्यायचं?” बायकोने विचारलं.

“हंगाम संपला की निवांत नेऊ. हे वयाचं आहे. सगळ्यांना होतं.”

चिठ्ठी मी खिशात घातली. सुट्टीनंतर पहिल्याच तासाला फळ्यावर व्हिट्रियस लिहून वीस मिनिटं शिकवायचं होतं, त्यासाठी. शिकवलंही. तास रंगला. संध्याकाळी मेहुण्याचा फोन आला, आबांच्या उजव्या डोळ्यावर खालून काळा पडदा चढतोय.

जळगावच्या डॉक्टर बाई माझ्या विद्यार्थिनी शोभतील अशा वयाच्या. त्यांनी डोळा तपासला आणि आधीची चिठ्ठी मागितली. मी खिशातून काढून दिली. त्यांनी ती मराठीत मोठ्याने वाचली, एकेक ओळ. काचगरात धागे. प्रकाश चमकतो. डोळ्याच्या आतला पडदा फाटल्याची शंका. आजच पाठवत आहे. ‘आजच’च्या खाली दोन रेघा होत्या. रेघा इंग्रजीतल्या नव्हत्या, त्या तरी मला वाचता आल्या असत्या.

“याला पाच दिवस झाले. त्या दिवशी आला असता तर लेझरने भागलं असतं. ही चिठ्ठी कुणी वाचली?”

मेहुण्याने मान माझ्याकडे वळवली. “हे आमचे दाजी,” तो म्हणाला. “इंग्रजीचे प्राध्यापक आहेत.” इतक्या आदराने माझी ओळख त्याने आधी कधी करून दिली नव्हती.

ऑपरेशन झालं. डोळ्यातला तो गर काढून टाकला आणि तेल भरलं. दहा दिवस आबांना पालथं झोपायला सांगितलं, जेवणही मान खाली घालून. मी भेटायला गेलो तेव्हा त्यांचं तोंड उशीत होतं.

“जावईबापू, काच काढी टाकी ना?”

“हो, आबा.”

“मंग आते काय म्हनतस त्या डोयाले? तुमना लॅटिनम्हा?”

मी त्यांची चादर नीट केली. ते टोमणा मारत होते की खरंच विचारत होते, मला अजून कळलेलं नाही. पालथ्या माणसाचा चेहरा दिसत नाही.

उजव्या डोळ्याला शेवटी समोर हललेला हात तेवढा कळू लागला. शेठजी केळी घेऊन आले, पायांना हात लावून म्हणाले, “आबा, आता आराम करा.” नवा पारखी त्यांनी आठवड्यापूर्वीच ठेवला होता. आबांनी एक केळं सोलून शेठजींना दिलं. ते गेल्यावर बाकीची गोठ्यात नेऊन म्हशीपुढे टाकली.

तीन दिवसांच्या मुक्कामानंतर त्या संध्याकाळी आम्ही एका पंगतीत जेवलो आणि धुळ्याला निघालो. पारोळ्याजवळ बायकोने गाडीची काच वर केली. मग म्हणाली, “तुम्ही आज आबांच्या उजव्या हाताला का बसलात?”

“दाराचा वारा तिकडे लागत नाही.”

“दार लावलेलं होतं. कालही उजवीकडे, परवाही उजवीकडे. आता पुढल्या वेळी डाव्या हाताला बसा. बघू द्या त्यांना तुमच्याकडे.”